सडणं वेगळं, कुजणं वेगळं

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओल्या कचऱ्याचा विषय निघाला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका एकदम उठले आणि म्हणाले, "हे बघा, पार्किंगच्या बाजूला कचरा सडवायचा असेल तर माझा साफ विरोध आहे, वास येणार, माश्या होणार, उंदीर येणार." माझी आई तेव्हा गावाहून आलेली होती, मागे खुर्चीवर बसली होती, ती असल्या मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाही पण त्या दिवशी तिला राहवलं नाही. म्हणाली, "अहो भाऊ, सडवत नाहीत, कुजवतात." दोन-चार जण हसले, काकांना वाटलं म्हातारी शब्दावर अडून बसलीये, आणि विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

मला मात्र ते वाक्य सोडेना. कारण आई शब्दाचा कीस पाडत नव्हती, ती रीत सांगत होती. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला गोठ्यामागं उकिरडा असायचा, शेण, गुरांच्या पुढचं उरलेलं चिपाड, चुलीतली राख, घरातला केर सगळं त्यात जायचं आणि उन्हाळा संपता संपता पेरणीआधी ते बैलगाडीत भरून रानात जायचं. भरायच्या आधी आजोबा एकच गोष्ट बघायचे, कुजलंय का. नीट कुजलेलं खत मुठीत घेतलं की काळं, भुसभुशीत, हाताला चिकटत नाही आणि त्याला मातीचा वास येतो. अर्धवट राहिलं असलं तर ते परत ढीग करून ठेवायला लावायचे, कारण अर्धकच्चं शेणखत टाकलं की रानात हुमणी (पिकाची मुळं खाणारी अळी) वाढते हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. म्हणजे कुजणं हे पूर्ण व्हावं लागणारं काम होतं, पिकण्यासारखं किंवा शिजण्यासारखं. आणि सडणं? ते पावसात भिजलेल्या कडब्याला, कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याला, पाणी साचलेल्या रानात उभ्या पिकाच्या मुळांना. एक शब्द कमाईचा, दुसरा नुकसानीचा, आणि दोघांत गोंधळ करायची चैन शेतकऱ्याला परवडत नाही.

आता कोणी म्हणेल की मराठीत कुजकट बोलणं असतं, कुजका वास असतो, बातमीत प्रेतसुद्धा 'कुजलेल्या अवस्थेत' सापडतं. खरंय. शब्दांच्या हद्दी काही गट नंबरसारख्या मोजून आखलेल्या नसतात आणि गावोगावी फरक पडतो. पण शेतातला हा फरक नुसता बोलण्यातला नाही, त्याच्यामागं खरोखरची दोन वेगळी कामं चालू असतात. हवा खेळती असेल, ओल बेताची असेल, ओल्याच्या जोडीला सुका पाला असेल (कर्ब म्हणजे कार्बन आणि नत्र म्हणजे नायट्रोजन यांचं प्रमाण साधारण ३० ला १ च्या आसपास बसलं पाहिजे) तर हवेवर जगणारे जिवाणू आणि बुरशा भराभर कामाला लागतात, ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, त्या उष्णतेनं तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात आणि शेवटी खत उरतं. तोच भाजीपाल्याचा कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा, हवा बंद झाली की दुसऱ्याच जातीचे जिवाणू त्याचा ताबा घेतात, काळं पाणी सुटतं, नाक दाबावं लागतं आणि मिथेन तयार होतो, जो १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरतो. माल तोच, टोपली तीच, फरक काय तर हवा मिळाली का नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणायचे, त्यांनी ह्याच एका गोष्टीवर अख्खी पद्धत उभी केली. त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून तिला नाडेप म्हणतात. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असं विटांचं टाकं, आणि चारी भिंतींत मुद्दाम ठेवलेले झरोके. आत पालापाचोळ्याचे थर, त्यावर थोडंसं शेणकाल्याचं पाणी, थोडी माती, वरून लिंपून टाकायचं, आणि तीन-चार महिन्यांत खत. शेण थोडं लागतं हे त्याचं मोठेपण सगळे सांगतात पण मला ते झरोके जास्त महत्त्वाचे वाटतात. गवंड्यानं ती भोकं बुजवली तर त्याच टाक्यात त्याच मालाचा सडका लगदा होणार. काकांना ज्याची भीती वाटते ते आणि आई ज्याबद्दल बोलत होती ते, ह्या दोन्हींच्या मधे विटेएवढी भोकं आहेत.

आणि म्हणूनच मला वाटतं की हा शब्दाचा घोळ नाही, सार्वजनिक प्रश्न आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करायला सांगितला होता, ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांनी आणि संस्थांनी ओला कचरा शक्य तितका आपल्याच आवारात जिरवावा असंही त्यात होतं. कागदावर सगळं आहे. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर होतात तेव्हा लोक नियमाला मत देत नाहीत, त्यांच्या डोक्यात जो शब्द आहे त्याला देतात, आणि 'सडवणार' म्हटल्यावर कोण हात वर करेल? मग तो कचरा गाडीत बसून दुसऱ्याच्या दारात जातो. मुंबईचा देवनारला गेला, १९२७ पासून जातोय, आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथं जी आग लागली तिचा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला. एवढ्या वर्षांचा ओला कचरा हवेशिवाय दाबून ठेवला की त्यात मिथेन साठणारच, तो पेटायला काय लागतं. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला, तिथल्या लोकांनी विहिरींचं पाणी बिघडलं म्हणून कितीदा गाड्या अडवल्या. आपण शहरात जे कुजवायला नकार दिला ते त्यांच्या शिवारात सडलं, सरळ हिशोब आहे.

ह्यावर आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आधीपासून आहे. अजीर्ण. जीर्ण म्हणजे नुसतं जुनं, झिजलेलं असं आपण समजतो, पण त्याचा दुसरा अर्थ पचलेलं असाही आहे, जे पचलं नाही ते अजीर्ण. म्हणजे मोडणं आणि पचणं ह्या दोन गोष्टी जुन्या लोकांनी एकाच शब्दात ठेवल्या होत्या, अन्न पोटात मोडतं तेव्हाच अंगाला लागतं. डम्पिंग ग्राऊंड हे शहराचं अजीर्ण आहे. आणि दुसऱ्या बाजूला रान उपाशी आहे, माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांच्या खाली आला की कमी समजतात आणि आपल्याकडच्या कितीतरी रानांचा कागद तसाच येतो. बाजारात मेथीची गड्डी येते तिच्याबरोबर रानातला कर्ब आणि अन्नद्रव्यं शहरात येतात, देठं डब्यात जातात, डबा डेपोत जातो, रानाकडे परत काहीच जात नाही. ह्याला कचऱ्याचा प्रश्न म्हणणं मला अपुरं वाटतं.

हे सगळं डोक्यात असताना मी स्वयंपाकघरात नुसतं ऐकायला लागले की आपण बिघडण्याला काय काय म्हणतो. दूध नासतं, पण इडलीचं पीठ आंबतं आणि ते आंबलं नाही तर आपण रडतो. भात आंबला की मात्र टाकावा लागतो. लोणचं मुरतं, त्याला बुरा आला तर ओला चमचा गेला होता. खोबरं खवट होतं, आंबा उतरतो, गव्हाला कीड लागते, पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं आणि कळकतं म्हटलं की पुढचा शब्द लगेच येतो, कल्हई. घराबाहेर या, लोखंड गंजतं, लुगडं विरतं, दोर झिजतो, दाराच्या चौकटीला वाळवी लागते, भिंतीला ओल येते आणि पोपडे धरतात. मला ह्या यादीत एक गोष्ट दिसते, ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या पोटात कारण आहे आणि कारणाच्या शेजारी उपाय आहे. गंजलं म्हटलं की रंग आठवतो, वाळवी म्हटलं की औषध, विरलं म्हटलं की जपून वापरणं. सगळेच शब्द बरोबर सांगतात असं नाही. दात किडला म्हणतो आपण पण दातात कीड नसते, साखरेवर जगणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते दात खातं, आणि 'कीड' म्हटल्यामुळे दोष बाहेरून आलेल्या कुणाचा तरी वाटतो, चॉकलेटचा वाटत नाही. तरी एकूण बघितलं तर घरातली भाषा शहाणी आहे.

सार्वजनिक बोलणं सुरू झालं की मात्र हे शब्द कुठं जातात कळत नाही. तिथं तीनच शब्द चालतात, जीर्ण, ऱ्हास आणि 'सिस्टीम सडलीये'. तिन्हींत कारण नाही आणि कर्ताही नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा मुंबई-गोवा महामार्गावरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला, दोन एसटी बस आणि इतर गाडीतली माणसं वाहून गेली. पुढचे कित्येक दिवस ऐकायला येणारा शब्द एकच, ब्रिटिशकालीन जीर्ण पूल. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, ४ जण गेले. पुन्हा तोच शब्द, जीर्ण झालेला पूल. एक पूल ब्रिटिशांच्या काळातला दगडाचा, दुसरा जेमतेम तीसेक वर्षांचा लोखंडाचा, आणि दोघांनाही एकच विशेषण? दगडी पुलाची काळजी म्हणजे पाया नदीनं उघडा पाडलाय का बघणं, सांध्यांतला चुना बघणं, भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपं वेळच्या वेळी काढणं. लोखंडाची काळजी म्हणजे खरवडून रंग देणं, नट-बोल्ट बघणं. जीर्ण म्हटलं की ही दोन्ही कामं आणि ती करायची होती ती माणसं नजरेआड होतात, उरतं फक्त वय. जणू पूल म्हातारा होऊन गेला, देवाची इच्छा. वयाचंच म्हणाल तर सिंधुदुर्गाचं काम १६६४ ला सुरू झालं, साडेतीनशे वर्षांवर खाऱ्या लाटा खात तट समुद्रात उभा आहे.

आणि जीर्ण हा शब्द पूर्वी असा एकटा फिरत नव्हता. त्याच्या मागून उद्धार यायचा. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला असं आपण म्हणतो तेव्हा त्या एका शब्दात दुखणंही आहे आणि कोणीतरी उचललेली जबाबदारीही आहे. आजच्या सरकारी कागदात जीर्ण राहिलं, उद्धार गळून पडला, त्याच्या जागी 'धोकादायक, प्रवेश निषिद्ध' अशी पाटी आली. पाटी लावणं वाईट नाही, ती लागलीच पाहिजे. पण पाटी लावल्यावर पुढचं काम कुणाचं हे पाटीवर नसतं.

धान्याचंही तसंच. २०१० साली सुप्रीम कोर्टानं केंद्र सरकारला सांगितलं की गोदामांत आणि उघड्यावर धान्य सडवण्यापेक्षा ते भुकेल्यांना द्या, आणि ही सूचना नाही, आदेश आहे हे दुसऱ्यांदा ठणकावून सांगावं लागलं. त्यावेळी सगळीकडे वाक्य असायचं, 'धान्य सडलं'. कोरडं धान्य आपणहून सडत नाही. आमच्या आजीनं कणगीत कडुनिंबाचा पाला घालून ज्वारी वर्षभर टिकवली होती. ओल लागल्याशिवाय सडत नाही आणि ओल लागायला कुणीतरी पोती पावसात ठेवावी लागतात. 'धान्य भिजू दिलं' असं वाक्य लिहून बघा, लगेच पुढचा प्रश्न तोंडात येतो, कुणी?

खरोखर आपोआप होणारा ऱ्हास नसतोच असं माझं म्हणणं नाही. एक आहे, किरणोत्सारी क्षय. कार्बन-१४ चे जेवढे अणू आज आहेत त्यातले निम्मे साधारण ५७३० वर्षांत मोडणार, तापवा, थंड करा, फरक पडत नाही, म्हणून तर त्याच्यावर घड्याळासारखा भरवसा ठेवता येतो. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं तिथल्या कोळशावरून आपल्याला कळतं की भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठी तीन हजार वर्षांपूर्वी शेतकरी वस्ती करून राहत होते. हा क्षय कुणी केलेला नाही आणि कुणी थांबवू शकत नाही. 'ऱ्हास होत आहे' हे वाक्य तिथं शोभतं. पूल, शाळा, नदी, गोदाम ह्यांना ते लावायचं म्हणजे त्यांना अणूच्या रांगेत बसवणं झालं.

त्याच क्षय शब्दाची दुसरी गोष्ट आहे. टीबीला आपण क्षय म्हटलं कारण माणूस दिसत्या डोळ्यांनी झिजत जायचा, का ते माहीत नव्हतं. २४ मार्च १८८२ ला रॉबर्ट कॉखनं जंतू सापडल्याचं जाहीर केलं आणि त्या दिवसापासून ती झीज 'होणारी' राहिली नाही, तिला करणारा सापडला. औषधं यायला आणखी साठेक वर्षं गेली, आज नेहमीच्या टीबीला सहा महिन्यांचा कोर्स असतो. तरी जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी चौथा हिस्सा भारतात आहे, आणि ह्याला आता क्षय म्हणून सुस्कारा सोडता येत नाही, कुपोषण, कोंदट खोल्या, अर्धवट सोडलेली औषधं अशी एकेक नावं घ्यावी लागतात.

मराठीचा ऱ्हास ह्या विषयावर मी मुद्दाम शेवटी येतेय कारण तिथं माझंही रक्त तापतं. इंग्रजी शब्द आले म्हणून भाषा सडली असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पगार, चावी, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि आज ते इतके आपले झालेत की बटाट्याची भाजी परकी आहे असं कुणाच्या मनात येत नाही. ते पचले. भाषा शब्द मोडते, आपल्या प्रत्यय-विभक्तीत घोळवते, मुरवते, हे कुजवण्यासारखंच जिवंत काम आहे, आणि मी ह्या लेखातसुद्धा मीटिंग, पार्किंग, कोर्स लिहिलंय त्याची मला लाज वाटत नाही. पण पटसंख्या कमी म्हणून मराठी शाळेचा वर्ग बंद होतो, मुलं शेजारच्या इंग्रजी शाळेत जातात, वाचनालयाचं अनुदान अडतं, तेव्हा त्याला 'भाषेचा ऱ्हास' म्हणायला माझा विरोध आहे. ते कुणीतरी सही करून घेतलेले निर्णय आहेत, त्यात आपण पालक म्हणून घेतलेलेही आले. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झालाच, पण दर्जा वर्ग उघडत नाही, आणि ऱ्हास ह्या शब्दानं तर आपण उलट सगळ्यांना मोकळं सोडतो, सरकारला आणि स्वतःलाही.

'सिस्टीम सडलीये' म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो, मीही म्हटलेलं आहे, ऑफिसांत खेटे घालून घालून माणूस तिथं येतो. पण आईच्या भाषेत विचारावं लागेल, सडलीये म्हणजे हवा कुठं बंद झाली? कुठली माहिती दिली जात नाही, कुठली ग्रामसभा भरत नाही, कुठलं टेंडर कुणी बघितलंच नाही? झरोका कुणी बुजवला हे सांगता आलं तर तो उघडायला सांगता येतो. नुसतं सडलीये म्हटल्यावर करण्यासारखं काही उरत नाही, लांब जाऊन नाक धरायचं.

सोसायटीचं सांगायचं तर ओल्या कचऱ्याचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये मीच मांडला. ह्यावेळी गच्चीवर एका फुटक्या बादलीला कडेनं भोकं पाडून दोन महिने जे काही केलं होतं ते डब्यात घेऊन गेले आणि डबा हातोहात फिरवला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी वास घेतला, परत घेतला, आणि "ह्याला पावसाचा वास येतोय" म्हणाले. दोन टाक्यांचा ठराव झाला, एका वर्षापुरता, वास आला तर बंद, ह्या अटीवर. अट मला मान्य आहे, वास आला तर चूक आमचीच असणार.

त्याच मीटिंगमध्ये दुसरं एक पत्र वाचलं गेलं. आमची इमारत ३० वर्षांच्या वरची आहे, तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागलं, आणि सभासदांना पाठवायच्या नोटिशीचा मसुदा असा होता, 'इमारत जीर्ण झाल्याने दुरुस्ती निधी गोळा करण्यात येत आहे.' ऑडिट करणाऱ्या इंजिनीअरनं मात्र त्याच्या रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं होतं की वरून पाणी झिरपून सळ्या गंजल्यात, गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट आतून फोडतं, म्हणून वरच्या मजल्यावर पोपडे पडताहेत. मी म्हटलं नोटीस बदलू या. बराच वाद झाला, कारण नवीन वाक्यात मागच्या कमिट्यांची नावं नसली तरी वर्षं येत होती आणि त्यातल्या एका कमिटीत मीसुद्धा होते. शेवटी जी नोटीस लिफ्टशेजारी लागली तिच्यात असं आहे: 'गच्चीचं वॉटरप्रूफिंग २०११ नंतर करण्यात आलेलं नाही, त्यामुळे स्लॅबमधल्या सळ्या गंजल्या आहेत. दुरुस्तीचं काम दिवाळीनंतर सुरू होईल आणि पुढचं वॉटरप्रूफिंग कोणत्या वर्षी करायचं ते याच बोर्डावर लिहिलं जाईल.'